किती पौंडावर हायेस?

समोरचा माणूस कितीही तापलेला असो, भाऊ आधी त्याच्या छातीवर उघडा तळहात टेकवत, मान थोडी कलती करत आणि विचारत, "किती पौंडावर हायेस बापा?"

प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारलेला असे की भांडायला आलेला माणूसही क्षणभर विचारात पडे. एकदा आमच्या आरागिरणीचा मुकादम कुऱ्हाड घेऊन एका गाडीवानाच्या अंगावर धावला. भाऊ मध्ये जाऊन उभे राहिले, छातीवर हात ठेवला, प्रश्न विचारला. मुकादम धापा टाकत म्हणाला, "पन्नास!" आणि मग त्याला स्वतःलाच हसू आलं.

"पन्नास तं काईच नाई. जाय, कुऱ्हाड ठेव, पाणी पे."

गिरणीत त्यांना सगळे भाऊ म्हणत. हजेरीच्या वहीत त्यांचं पूर्ण नाव होतं आणि मीच ते रोज लिहीत असे. पण इथे भाऊच राहू द्या. ते आमचे बॉयलरवाले. आता चंद्रपूर म्हणतात त्याला तेव्हा चांदा म्हणत. चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाला लागून आमची गिरणी होती. गाड्यांवरून सागाचे ओंडके येत, करवतीखाली जात आणि फळ्या होऊन बाहेर पडत. करवत चाले वाफेवर, वाफ होई बॉयलरमध्ये आणि बॉयलर चाले भाऊंच्या मर्जीवर. वाफेचा दाब पौंडात मोजत, आणि तो दाखवणाऱ्या काट्यावर भाऊंची नजर असे. त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. एका बिस्किटाच्या डब्यात, धुतल्या फडक्यात गुंडाळलेला तो कागद होता म्हणून भाऊ बॉयलरवाले. तो नसता तर कायद्याने त्यांना भट्टीत एक ढलपीसुद्धा टाकता आली नसती.

मी वरोऱ्याचा. मॅट्रिक झालेला. कारकून म्हणून नवीन लागलो होतो, नवीनच लग्न झालं होतं आणि आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज होता. हा तिसरा आजार सगळ्यांत जुना. आमचे मॅनेजरसाहेब नागपूरकडचे, बोलता बोलता इंग्रजी वाक्प्रचार टाकणारे. ते मी एका वहीत उतरवून घेई आणि संधी मिळाली की बिचाऱ्या आरेवाल्यांवर वापरून बघे.

भाऊंची एक रोजची रीत होती. दुपारच्या सुटीत ते भुशाच्या ढिगामागे जात, जंगलाकडे तोंड करून उभे राहत आणि पाच मिनिटं मोठमोठ्याने शिव्या देत. ओल्या लाकडांना, मॅनेजरसाहेबांना, स्वतःच्या साळ्याला. मोह वेचणाऱ्या बाया पहिल्यांदा पळून गेल्या होत्या म्हणे; पुढे त्या भाऊंच्या आवाजावर शिदोऱ्या सोडायला लागल्या. पाच मिनिटांनी भाऊ कपाळ पुसत परत यायचे. चेहरा कसा, आंघोळ करून आल्यासारखा.

"झालं. मोकळा झालो."

"भाऊ, तुम्ही स्वतः किती पौंडावर असता हो?" मी एकदा विचारलं.

"घरी तीस. साहेबापुढं चाळीस. पंचेचाळीसच्या वर मी जाऊच देत नाई."

"आणि मी?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुहा काटाच हालत नाई बाबू. आतमंधी काय चालू हाये ते समजतच नाई. तुह्यासारख्याचंच भेव वाटते मले."

मी ती माझी तारीफ समजलो.

एके दिवशी खिडकीतून भाऊंचा तो दुपारचा कार्यक्रम पाहत साहेब हसले आणि म्हणाले, "ही इज लेटिंग ऑफ स्टीम." मी लगेच वही काढली. शब्दकोश पाहिला. अर्थ सापडला: मनातला राग बाहेर काढून शांत होणे. झालं, मी तडक बॉयलरघरात गेलो आणि भाऊंना सांगितलं की तुम्ही दुपारी जे करता त्याला इंग्रजीत एक फार सुंदर वाक्प्रचार आहे.

भाऊंनी तो मराठीत, 'वाफ सोडणे' असा, नीट ऐकून घेतला. मग ते खो खो हसायला लागले. माझा दंड धरून त्यांनी मला शिडीवर चढवलं. बॉयलरच्या माथ्यावर एक आडवा लोखंडी दांडा होता आणि त्याच्या टोकाला एक जड गोळा लटकत होता.

"हे पाह्य. आत वाफ वाढली का हा दांडा उचलते. उचलला का फुस्स करून जास्तीची वाफ बाहेर. मंग पुन्हा बसते गुपचूप. हे तुहं इंग्रजी आमच्यावालंच हाये बाबू! साहेब लोकायनं आमच्या इंजनवाल्यायपासून उचललं."

"असेल."

"मंग थ्या पुस्तकवाल्यानं हे काऊन नाई लिवलं?"

"त्यात अर्थ असतो, भाऊ. कुठून आलं ते नसतं."

"म्हणजे अर्ध्यावरच सोडलं की त्यानं." त्यांना त्या शब्दकोशवाल्याची खरोखर कीव आली. मग बोट वर करून म्हणाले, "ध्यानात ठेव. वाजलं का लोकायले वाटते बिघडला. वाजते तवरी बरा हाये. वाफ भरून हाये अन् वाजत नाई, तवा भ्यावं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. डोक्यात लिहायचं तेवढं राहून गेलं.

त्या हिवाळ्यात नागपूरहून एक मोठे साहेब गिरणी पाहायला येणार असं ठरलं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला, तो नेमका बॉयलरघराला लागून, कारण सावली तिथेच होती. स्वागताचं भाषण इंग्रजीत करायचं होतं आणि ते मी लिहिलं होतं. पाच पानं. आठवडाभर मला झोप नव्हती. बायको म्हणे, झोपेत तुम्ही कुणाला तरी 'युवर ऑनर' म्हणता.

माझी सगळी काळजी एकाच गोष्टीची होती. भाषण चालू असताना करवत बंद राहणार होती, आणि भाषण संपल्यावर मोठे साहेब स्वतःच्या हाताने ती सुरू करणार होते. म्हणजे वाफ भरलेली हवी, पण खर्च व्हायला नको. अशा वेळी तो दांडा वर जाणार, वाफ फुसफुसणार आणि माझं इंग्रजी त्यात वाहून जाणार. भाऊंना मी चारदा विनवलं.

"वाजन थोडंसं," भाऊ म्हणाले. "तू जोरात बोल."

"इंग्रजी जोरात नाही बोलता येत, भाऊ. चुका ऐकू येतात."

ते हसले. मी हसलो नाही.

कार्यक्रमाच्या वेळी मॅनेजरसाहेबांनी नवंच काढलं. सगळ्यात जुना कामगार म्हणून भाऊंना मोठ्या साहेबांच्या हातून हार घालायचा. भाऊ म्हणाले, "साहेब, बॉयलर सोडून कसा येऊ?" साहेब म्हणाले, "पाच मिनिटं. बाबू थांबेल तिथे." आधी हार, मग भाषण, असं ठरलं. भाऊंनी धुतलेली बंडी अंगात घातली आणि जाता जाता मला म्हणाले, "उभा राह्य फक्त. वाजून राह्यला तं वाजू दे. हात नको लावू कायले."

मी उभा राहिलो. दांडा फुसफुसत होता. मांडवातून साहेबांचा आवाज आला, ते मला बोलावत होते: आधी भाषण, हार नंतर! पाहुण्यांना घाई होती, आणि भाऊंना साहेबांनी हारासाठी तिथेच उभं ठेवलं होतं. हातात पाच पानं, डोक्यावर फुस्स्स्स. कोपऱ्यात ओंडके ओढायची एक जाड साखळी पडली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं स्पष्ट सांगितल्यावर शहाणा माणूस असं करील का? शहाण्या माणसाचं मला माहीत नाही. मांडवात सगळ्यांची तोंडं मोठ्या साहेबांकडे होती; मी शिडी चढलो, साखळी त्या दांड्यावर टाकली आणि फुसफुस थांबली. इतकी छान शांतता झाली की मांडवातली चिमणीसुद्धा ऐकू यायला लागली. मी कपडे झटकले आणि भाषणाला गेलो.

पहिलं पान उत्तम गेलं. दुसऱ्या पानावर मोठे साहेब मान डोलावू लागले. तिसऱ्या पानाच्या मध्यावर माझी नजर कामगारांच्या रांगेकडे गेली. सगळे आळसावून उभे होते. एकटे भाऊ मान कलती करून काहीतरी ऐकत होते. ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तेच ते ऐकत होते. मी पाहिलं तेवढ्यात त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि ते मांडवातून, खुर्च्यांमधून, मोठ्या साहेबांचे पाय ओलांडून धावत सुटले.

पुढचं मी मांडवातूनच पाहिलं, हातात तिसरं पान तसंच धरून. बॉयलरघराला समोरून भिंत नव्हती. काट्याकडे एकदाच पाहून भाऊंनी भट्टीचं दार उघडलं आणि लोखंडी आकड्याने जळती लाकडं, निखारे भराभरा बाहेर ओढून जमिनीवर टाकायला सुरुवात केली. ओरडले, "पळा बे! माणसं काढा इथून!" मग शिडीवर चढले. साखळी एकदम काढली नाही. एकेक कडी उचलत, हळूहळू, झोपलेल्या लेकराच्या मानेखालचा हात काढावा तशी काढली. तरी शेवटी वाफ सुटलीच. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मांडव पांढरा झाला. खुर्च्या पडल्या, मोठे साहेब आपल्या टोपीशिवाय रस्त्यापर्यंत गेले. आणि मी, सांगायला लाज वाटते, तिसऱ्या पानावरून चौथ्यावर गेलो. थांबायचं कसं हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाफ ओसरली तेव्हा भाऊ शिडीच्या पायरीवर बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. बॉयलरच्या एका जोडातून पाणी पाझरायला लागलं होतं. कोणी मेलं नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर आम्ही सगळेच.

माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी वाट पाहत होतो, आता ओरडतील, आता शिव्या देतील. त्यांनी नुसती साखळी उचलून कोपऱ्यात, जिथली होती तिथे, नेऊन ठेवली.

जोड पाझरला म्हणजे सरकारला कळवावं लागतं. बॉयलर तपासणारा सरकारी साहेब आठ दिवसांनी येणार असं कळलं आणि सगळ्या गिरणीत एकच चर्चा सुरू झाली: साखळी टाकली कोणी? मुकादमाला गाडीवानाचा संशय, गाडीवानाला मुकादमाचा. माझा कोणालाच आला नाही. शिकलेला माणूस असं कशाला करील!

ते आठ दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. सकाळी मी भाऊंचा हात पाहायला जाई. त्यांची बायको कडुनिंबाच्या पाण्याने तो धुवून देत असे. मी विचारी, "कसं आहे भाऊ?" ते म्हणत, "हाये." बस. दुपारी भुशाच्या ढिगामागे ते जाईनासे झाले. सुटी व्हायची, लाकूडफाटा वेचायला आलेल्या त्याच बाया झाडांखाली ताटकळायच्या, आणि जंगलात नुसता वारा. माहीत तर त्यांना होतंच; मलाच तर उभं करून गेले होते ते. मग बोलत का नाहीत? मी ठरवलं, ते बोलले की मी कबूल करीन. ते बोलतील याची वाट पाहत मी दोन वेळा जेवत होतो, झोपत होतो, हजेरी मांडत होतो.

तपासणी साहेब आले. परप्रांतातले होते, मराठी त्यांना येत नव्हती, भाऊंना इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदी दोघांचीही लंगडी. तेव्हा जबाब इंग्रजीत कोणी लिहायचा? अर्थात मी. साहेबांच्या उजव्या हाताला खुर्ची, पुढ्यात कोरे कागद, नवीन टाक. मॅनेजरसाहेब खिडकीबाहेर बघत बसले होते.

साहेबांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं, "बॉयलर सोडून का गेलात?"

भाऊ म्हणाले, "हारासाठी बोलावलं होतं. गेलो. चुकलंच माहं."

"कोणाला तिथे ठेवून गेलात?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी शांत नजर. त्यात धमकी नव्हती, विनवणी नव्हती.

"कोणालेच नाई," ते म्हणाले.

मी इंग्रजीत लिहिलं: कोणालाही नाही. शब्दाला शब्द. भाषांतर चोख असावं असं माझं मत होतं.

"साखळी कोणी टाकली?"

"मी पाह्यलं नाई."

तेही मी लिहिलं. साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि स्वतःच्या हाताने खाली चार ओळी लिहिल्या. बिस्किटाचा डबा टेबलावर होता. त्यातला कागद त्यांनी काढून घेतला.

"काय लिवलं साहेबानं?" भाऊंनी मला विचारलं.

मला सांगावं लागलं. "परवाना रद्द."

"म्हणजे किती दिवस?"

"रद्द म्हणजे..." मी टाक खाली ठेवला. "कायमचा, भाऊ."

रिकामा डबा त्यांनी पुढे ओढला, त्यातलं फडकं काढलं, नीट घडी घालून परत डब्यात ठेवलं. झाकण लावलं. भाजलेल्या हाताने ते लागत नव्हतं, दोनदा घसरलं.

झाकण तिसऱ्यांदा घसरलं तेव्हा मी उठलो. काय बोललो ते मलाही धड आठवत नाही. "मी टाकली. मला उभं केलं होतं. मीच टाकली." हे मराठीत झालं. खोलीतल्या सगळ्यांना समजलं, ज्यांना समजायला हवं होतं ते साहेब सोडून. मग माझ्याच कबुलीचं मला भाषांतर करावं लागलं. पहिलं वाक्य व्याकरणाला धरून नव्हतं एवढं आठवतं. पाच पानांचं भाषण लिहिणारा मी, एक ओळ सरळ सांगता आली नाही. पण साहेबांना ती कळली.

त्यांनी आपल्या चार ओळी खोडल्या. बॉयलर सोडणं हा गुन्हा तरीही होताच. परवाना सहा महिने बंद, त्यानंतर परत. मला गिरणीतून काढलं नाही, मूलच्या रस्त्यावरच्या डेपोवर ओंडके मोजायला पाठवलं. इंग्रजीशी संबंध संपला. गिरणीचा फायदाच झाला.

बाहेर पडवीत मी भाऊंच्या पाया पडायला वाकलो. ते दोन पावलं मागे सरकले.

"साखळी टाकली ते अडाणीपण होतं बाबू. अडाणीपण माहंही हाये. पण आठ दिवस तू जेवला कसा रे?"

मी वाकलेलाच होतो.

"मी वाट पाहून राह्यलो होतो तुही," ते म्हणाले आणि डबा काखेत मारून गेले. दुसऱ्या दिवशी नवराबायको पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी धानाच्या शेतीवर निघून गेले. माझा निरोप घेतला नाही.

ते नसताना गिरणीत तेलाचं इंजिन आलं. दांडा नाही, भट्टी नाही, परवाना नाही. कोणीही चालवावं असं. बॉयलर थंड पडून राहिला. त्याच्या भट्टीत कुत्री व्याली. ही बातमी ऐकली त्या दिवशी मी ओंडके तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा निराळे भरले. सहा महिने संपत आले होते. परवाना परत मिळणार, आणि तो लावायचा कशाला?

मग एके सकाळी रस्त्यावर गलका ऐकू आला. डेपोच्या पुढे नाल्याचा चढ होता. पाहतो तर आठ बैलजोड्या लावलेल्या लाकडी गाड्यावर आडवा बांधलेला आमचा बॉयलर! मूलकडच्या एका धानगिरणीवाल्याने तो विकत घेतला होता. जोड दुरुस्त करून घेणार होता, आणि चालवायला परवान्याचा माणूस त्याला हवाच होता. तो माणूस सगळ्यात पुढे, उलटा चालत, गाडीवानांवर ओरडत होता. उजव्या हाताची कातडी पांढरट, गुळगुळीत झालेली. अंग जरा उतरलेलं. आवाज मात्र तोच.

"डावा बैल धर बे! डावा! आंधळा हायेस का? तुह्या मायनं काय जेवू घातलं तुले?"

अर्ध्या चढावर गाडा थांबला. चाकं मागे यायला लागली. दगड लावा, दगड लावा, अशी ओरड झाली. भाऊ पुढून किंचाळत होते, "मागून जोर लावा रे! जेवढे असान तेवढे या!"

मी मोजणीची वही टाकली आणि धावलो. मागे सात-आठ जण होते, त्यांच्यात खांदा घातला. बॉयलरचा काळा पत्रा गालाला लागला. पुढे कोण आहे ते मागून दिसत नव्हतं, आणि मागे कोण आहे ते त्यांना.

"लाव जोर! अजून! अजून लाव रे बापा!"

लावला. छाती फुटेल इतका लावला. पायाखालचे दगड घसरले, गाडा बोटभर हलला, मग वीतभर, मग एकदम चढ संपला. चाकांनी सपाट रस्ता धरला, ओझं हलकं झालं आणि माझ्या हातांतून सुटून पुढे गेलं.